साखळीचं दुसरं टोक

वालबर्गमध्ये डेलमर लायकर कुठेही गेला, तरी क्लीट ड्रायलिंग त्याच्या आधी तिथे पोचलेला असायचा. अंगाने नव्हे, नावाने. डेलमर गॅसची गाडी घेऊन एखाद्या शेतावर जायचा, अंगणातल्या टाकीला नळी लावायचा. आतून घरमालकीण कॉफी घेऊन यायची आणि कप त्याच्या हातात देता देता म्हणायची, "डेल, काय पळायचास रे तू शाळेत! पण खरं सांगू? त्या क्लीटचं मात्र चीज झालं नाही." डेलमर कॉफी आणि ते वाक्य एकाच घोटात गिळायचा. पुढच्या शेतावर पुन्हा कॉफी, पुन्हा क्लीट. कॅन्ससच्या त्या सपाट मुलखात वाऱ्यापासून आडोसा मिळेल एक वेळ, पण या वाक्यापासून नाही.

वास्तविक प्रकरण एवढंसं होतं. एकोणऐंशी साली वालबर्गच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू छातीशी कवटाळून गर्दीत घुसणारा गडी होता डेलमर. तीन मोसम तोच घुसला. जबडा फुटला, दोन दात पॉनी क्रीक गावच्या मैदानात राहिले, शाळेचे सगळे विक्रम त्याच्या नावावर लागले. क्लीट त्याचा राखीव. क्लीटचं काम म्हणजे खांद्यावर घोंगडी घेऊन बाकावर बसायचं आणि डेलमर बाहेर आला की त्याला पाणी द्यायचं. शेवटच्या वर्षी डेलमर गवताच्या गाडीवरून घसरला, घोटा सुजून भोपळा झाला, आणि त्या शुक्रवारी पॉनी क्रीकविरुद्ध क्लीट उतरला. उतरला तो असा पळाला की गाव खुळावलं. पुढच्या शुक्रवारी डेलमरचा घोटा बरा झाला आणि क्लीट परत घोंगडीत गेला.

बस, एवढंच. पण गावाने त्या एका शुक्रवारावर आख्खं आयुष्य काढलं. डेलमरच्या हातून सटकलेला प्रत्येक चेंडू गावाला तोंडपाठ होता. क्लीटच्या हातून सटकायला त्याच्या हातात चेंडू आलाच किती वेळा? तो ज्या सामन्यांत पळाला नाही, त्या सगळ्या सामन्यांत तो बिनचूक पळाला होता. आता अशा माणसाशी स्पर्धा कशी करायची, हे डेलमरला कुणी सांगावं!

डेलमरने उत्तर द्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. "अहो, त्या आठवड्यात पॉनी क्रीकमध्ये फ्लूची साथ होती," तो सांगायचा. "त्यांच्यात उभं राहायचं त्राण नव्हतं. माझी आजीसुद्धा पळाली असती त्यांच्यातून." हे शब्दशः खरं होतं. पण जळणाऱ्याच्या तोंडातून खरं निघालं तरी त्याला धुराचा वास येतो. ऐकणारे एकमेकांकडे बघून हसायचे, आणि क्लीटचं मोल आणखी थोडं वाढायचं.

बरं, क्लीटने शेखी मिरवली असती तरी डेलमरचा जीव निवला असता. तो गडी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, हात कायम वंगणाने काळे, आणि कुणी तो सामना काढला की म्हणायचा, "छे हो, मी आपला साधाच." झालं! म्हणजे वर विनयशीलसुद्धा. डेलमरच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा न बोलावता पंप घेऊन पहिला आला तो क्लीट. डेलमरच्या आईच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा दिला क्लीटने. असल्या माणसाचा मत्सर करायला फार कष्ट पडतात, पण डेलमर मूळचाच कष्टाळू होता.

आणि नशिबाने दोघांना बांधलं होतं साखळीनेच. ही साखळी दहा यार्डांची, दोन्ही टोकांना एकेक उंच काठी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, असा तो खेळ. तेव्हा चेंडू निघाला त्या जागी मागची काठी, आणि पोचायचं तिथे पुढची. मैदानाच्या कडेला या काठ्या धरायला गावातले दोन भरवशाचे पुरुष लागतात. आपापली पोरं शाळेत होती तेव्हा डेलमर आणि क्लीटने ते काम घेतलं. पोरांची पोरं शाळेत जायला लागली तरी दर शुक्रवारी दोघं साखळीवरच. पुढची काठी डेलमरची, मागची क्लीटची. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण दुसरं कसं असणार?

साखळीवाल्यांचा नियम कडक. पंचाने खूण केल्याशिवाय काठी हलवायची नाही आणि आपल्या गावाचा संघ खेळत असला तरी तोंडातून हूं की चूं काढायचा नाही. टाळी नाही, आरोळी नाही. आपण पंचाची माणसं. डेलमरने हा नियम कधी मोडला नव्हता, आणि खरं म्हणजे त्याला तो जड गेलाच नव्हता. दुसऱ्याची पोरं पळताना बघून त्याला ओरडावंसं वाटतच नसे. तो मनातल्या मनात मोजायचा: हा माझ्याइतका वेगात नाही, हा माझ्यासारखा खांदा टाकत नाही.

मग एका साली गावावर संकट आलं. शाळेत पोरंच उरली नव्हती. पुढच्या वर्षापासून वालबर्गची शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळणार असं जिल्ह्याने ठरवलं. म्हणजे हा शेवटचा मोसम, आणि ऑक्टोबरात गावाबाहेर गेलेले सगळे ज्यासाठी घरी परततात, तो उत्सवाचा सामनाही शेवटचा. मैदानाच्या कडेला काठ्या ठेवायची जी पांढरी खोली आहे, तिच्या भिंतीवर गावाच्या निवडक खेळाडूंची नावं रंगवलेली आहेत. डेलमरचं नाव कधीचं आहे. क्लीटचं नाही.

ते का नाही, तर त्या भिंतीचाही एक नियम आहे. नाव कुणीही सुचवावं, पण त्याच जागेवर त्याच संघात खेळलेल्या पहिल्या गड्याने, म्हणजे राखीव नव्हे तर नेहमी मैदानात उतरणाऱ्याने, चारचौघांत उभं राहून "लिहा" म्हणायला हवं. जुन्या लोकांचं म्हणणं, बाकीच्यांना काय कळतंय? क्लीटच्या जागेवरचा पहिला गडी म्हणजे डेलमर. दर वर्षी उत्सवाआधी त्याला विचारलं जायचं आणि दर वर्षी तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू."

आता पुढचं वर्षच नव्हतं.

"मग डेल, यंदा काय?" व्हर्नाने विचारलं. गावातली एकुलती एक खाणावळ तिची, आणि गावातल्या सगळ्या चौकशांचा मक्ताही तिचाच. अंड्यांची बशी तिने डेलमरपुढे अशी आपटली की पिवळा बलक हलला.

"यंदा काय म्हणजे?"

"सोंग नको घेऊस. क्लीटचं नाव."

"मी खोटं बोलू का? तो साधा गडी होता गं. एक सामना! एका सामन्यावर भिंत?"

"पोटात दुखतंय का रे? सोडा देऊ?" व्हर्ना म्हणाली, आणि बाजूच्या टेबलावरचे चौघे शेतकरी कपात तोंड घालून हसले.

"दुखत नाहीये. न्यायाची गोष्ट आहे."

"न्याय!" व्हर्नाने फडका खांद्यावर टाकला. "चाळीस वर्षं त्याच्या नावाने कढतोयस, त्याला न्याय म्हणतोस? अरे, तुझं नाव तर आहे ना भिंतीवर? त्याचं लागलं तर तुझं पुसणार आहे का कोणी?"

डेलमरने अंडी संपवली नाहीत. गाडीत बसल्यावर त्याला उत्तर सुचलं, नेहमीप्रमाणे. पुसणार नाही, पण क्लीटचं नाव शेजारी आलं की येणारा-जाणारा बोट दाखवून म्हणेल, हा बघा, याच्यामुळे त्याला खेळायला मिळालं नाही. डेलमरचे तीन मोसम, दोन दात, फुटका जबडा, सगळं म्हणजे क्लीटच्या वाटेतला एक धोंडा. या विचाराने त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तेवढ्यात एक निराळंच घडलं. शाळेचा नवा प्रशिक्षक ब्रेडन, डेलमरच्या जावयाच्या वयाचा पोरगा, सामान आवरताना बॉयलरच्या खोलीत शिरला आणि त्याला जुन्या सामन्यांच्या फिल्मची रिळं सापडली. त्यात एकावर लिहिलं होतं, पॉनी क्रीक, एकोणऐंशी. ब्रेडनने ती शहरात नेऊन नीट करून आणली आणि जाहीर केलं की रविवारी चर्चनंतर शाळेच्या जेवणघरात सगळ्यांनी मिळून ती बघायची. येताना घरून एकेक पदार्थ आणावा.

डेलमरला आठवडाभर झोप लागेना, ती आनंदाने. "आता कळेल," तो बायकोला म्हणाला. "रोझली, आता सगळ्या गावाला डोळ्यांनी दिसेल. फ्लू दिसेल!"

"फ्लू फिल्मवर दिसतो का कधी?" रोझली म्हणाली. ती बीरॉक भरत होती, कोबी आणि खिमा मळलेल्या पिठात गुंडाळत होती. "आणि दिसला तर काय करशील?"

"काय करीन म्हणजे?"

"म्हणजे, एवढी वर्षं त्याच्यावर जळण्यात काढलीस. ते संपल्यावर दुपारी काय करणार, विचारते आपली."

रविवारी जेवणघर खच्चून भरलं. तिखट घेवड्याचं कालवण आणि त्याच्यासोबत दालचिनीचे गोड रोल, आमच्याकडे हे दोन्ही एकाच ताटात लागतात. क्लीट सगळ्यात मागे, नातवंडांच्या गराड्यात बसला होता. डेलमर सगळ्यात पुढे. ब्रेडनने दिवे मालवले.

फिल्मला आवाज नव्हता. पावसाळी संध्याकाळ, चिखल, आणि पहिल्याच डावाला चेंडू घेऊन निघालेला बारकासा क्लीट. जेवणघरात आरोळी उठली. ब्रेडनने चित्र थांबवलं, पुन्हा मागे नेलं, पुन्हा चालवलं. चार-पाच डाव झाल्यावर मागून व्हर्नाने विचारलं, "काय रे कोच? तू तर शिकलेला आहेस यातलं. सांग की, होता का नाही?"

ब्रेडनने मान खाजवली. "मिस्टर ड्रायलिंग, वाईट वाटून घेऊ नका..."

"अरे, बोल बिनधास्त," क्लीट मागून म्हणाला. त्याच्या तोंडात रोल होता.

"ही फट बघा. आपली शाळेची बस निघेल यातून. पुढच्या पोरांनी वाट झकास करून दिली आहे. पण जिथे कुणी अंगावर येतं, तिथे हे पहिल्या धक्क्याला खाली बसतात. वळत नाहीत. पळणं चांगलं आहे, पण साधं आहे. आणि पॉनी क्रीकचा हा पोरगा... हा गुडघ्यांवर हात ठेवून वाकलाय. खोकतोय बहुतेक."

डेलमर खुर्चीवरून उठलाच. "फ्लू!" तो ओरडला. "सांगत नव्हतो मी? फ्लू!"

कुणीच हसलं नाही. लोक आपापल्या वाडग्यात बघत राहिले. डेलमरने मान वळवून एकेकाचा चेहरा पाहिला. व्हर्नाचा, त्या चौघा शेतकऱ्यांचा, कॉफी देणाऱ्या सगळ्या घरमालकिणींचा. किती वर्षं या चेहऱ्यांची तो वाट बघत होता! त्याची छाती फुगली. गोड लागलं त्याला, अगदी गोड.

"मी तर तेव्हापासून सांगतोय," क्लीट म्हणाला. "मला धरायला कुणी आलंच नाही."

"तू गप रे," व्हर्ना म्हणाली. "उगाच डेलची बाजू घेऊ नकोस."

ब्रेडनने फिल्म पुढे चालू केली. आता तो मोठा डाव आला, गावात ज्याच्या गोष्टी सांगतात तो. क्लीट कडेने निघाला, वालबर्गच्या बाकासमोरून. छायाचित्रकाराने चेंडूचा पाठलाग केला, आणि त्यामुळे चित्राच्या खालच्या कोपऱ्यात बाकावरची पोरं आली. त्यातला एक पोरगा दोन कुबड्यांवर होता. तो क्लीटच्या बरोबरीने कडेकडेने लंगडी घालत पळत होता. त्याने एक कुबडी टाकून दिली. मग दुसरीही टाकली. एका पायावर उड्या मारत तो दहा-बारा पावलं गेला, घसरला, चिखलात तोंडावर आपटला, आणि तसाच पालथा पडून दोन्ही मुठींनी जमीन बडवत राहिला. मान वर, तोंड आ वासलेलं. आवाज नसला तरी तो काय ओरडतोय ते दिसत होतं. क्लीट, क्लीट, क्लीट.

"अगं बाई," रोझली म्हणाली. "डेल, तू."

जेवणघरात हशाचा लोट उसळला. "परत लाव! परत लाव!" ब्रेडनने परत लावलं. पुन्हा कुबडी उडाली, पुन्हा पोरगा पडला. पोरंटोरं टेबलं बडवायला लागली.

"तुझ्या त्या कुबडीत पाय अडकून मी पडणार होतो," क्लीट मागून म्हणाला. "आठवतं?"

डेलमरला आठवत नव्हतं. त्याला त्या रात्रीचा पाऊस आठवत होता, घोट्यातली कळ आठवत होती, पोटातली आग आठवत होती. ही आग त्या रात्रीचीच, असं त्याने कायम धरलं होतं. आणि समोर तर हा पोरगा चिखलात लोळत होता, तोंडभर हसत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जळण्याचं नावसुद्धा नव्हतं. मग ती आग कधी लागली? कुणाच्या कॉफीबरोबर?

"मिस्टर लायकर," ब्रेडन हळूच म्हणाला, "भिंतीचं विचारायचं राहिलं. शुक्रवारी रंगारी येणार आहे."

हसणं थांबलं. डेलमर उभा राहिला. "तो साधा गडी होता," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी आत्ता पाहिलंय. मी खोटं बोलत नव्हतो." मग त्याने पडद्याकडे बोट केलं, जिथे ब्रेडनने चित्र थांबवलं होतं आणि पोरगा चिखलात पालथा होता. "पण नियम काय? पहिल्या गड्याला विचारायचं. मग मला काय विचारता? पहिला गडी तो आहे. तो तेव्हा तिथे होता. आणि तो काय म्हणतोय ते दिसतंय की. लिहा."

घरी जाताना रोझली बीरॉकचं रिकामं भांडं मांडीवर घेऊन गाडीत बसली होती. कापणी झालेल्या शेतांवरून वारा गाडीला ढकलत होता. मग तिने विचारलं, "अजून जळतोस?"

"हो."

"क्लीटवर? अजून?"

"नाही गं. त्या कुबडीवाल्यावर."

शुक्रवारी भिंतीवर नाव लागलं. डेलमरने काठी घ्यायला जाताना ते पाहिलं आणि त्याच्या लगेच लक्षात आलं की क्लीटची अक्षरं त्याच्या अक्षरांपेक्षा बोटभर मोठी आहेत. चाळीस वर्षांची सवय एकदम कशी जाईल? रंगाऱ्याच्या नावाने पुटपुटत तो कडेला जाऊन उभा राहिला. साखळीच्या दुसऱ्या टोकाला क्लीट टाच रोवून उभा होता.

उत्सवाच्या सामन्याला आख्खं गाव लोटलं होतं. सामन्याच्या शेवटच्या पाव भागात ब्रेडनने बाकावरच्या सगळ्या पोरांना एकेकदा उतरवायला सुरुवात केली, गावाचा शेवटचा उत्सव म्हणून. एक किडकिडा राखीव पोरगा आला, ज्याच्या डोक्यावर शिरस्त्राण डुगडुगत होतं. त्याला चेंडू दिला. तो फटीतून निसटला आणि कडेने सुटला, डेलमरच्या अगदी समोरून, त्याचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून.

डेलमर त्याला मोजायचं विसरला. त्याच्या हातून काठी कधी सुटली ते त्याला कळलं नाही. तो कडेकडेने त्या पोराबरोबर पळत होता, गुडघे कुरकुरत होते, आणि तोंडातून आरोळ्या निघत होत्या. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतंच "जा! जा! जा!" ओरडत होता. पोरगा शेवटच्या रेषेपार गेला आणि गावाने आभाळ डोक्यावर घेतलं.

मग शिट्टी वाजली. मैदानात मागे पंचाने नियमभंगाचं पिवळं फडकं टाकलं होतं. वालबर्गच्या कुणीतरी समोरच्याचा सदरा धरला होता. डाव रद्द, चेंडू परत मागे.

पंच तरातरा आला. "ए साखळीवाले! एवढ्या वर्षांचे तुम्ही, आणि हे काय? आरोळ्या कसल्या मारता? काठी कुठाय तुमची?"

काठी गवतात आडवी पडली होती, कुणाच्यातरी पायाने ढकलली जाऊन कुठल्याकुठे. डेलमर धापा टाकत परत आला आणि खाली बघू लागला. गवतावर काही खूण नव्हती. कुठपर्यंत पोचायचं होतं, ते आता कुणालाच माहीत नव्हतं. दोन्ही संघ थांबले, बाकांवरचे लोक उभे राहिले. डेलमरच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"आता त्या पोराचं चीज झालं नाही म्हणून गाव बोंबलत बसणार," क्लीट दुसऱ्या टोकावरून म्हणाला. तो हसत होता, पण जागचा हलला नव्हता. एवढा गदारोळ झाला, पोरं अंगावरून गेली, आणि त्याची टाच होती तिथेच रोवलेली होती, काठी सरळ उभी.

"साखळी ताण, डेल," तो म्हणाला. "माझ्यापासून मोज."

डेलमरने आडवी काठी उचलली आणि क्लीटकडे तोंड करून साखळी ताठ होईपर्यंत मागे सरकत गेला.